आपला माणूस उचलला की

20 ऑगस्ट 2024 ला बदलापूरचे लोक रुळांवर उतरले आणि लोकल तासन्तास अडकून पडल्या. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला होता आणि तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी पालकांना ताटकळत ठेवलं होतं. पोलिसांवर आमचा काडीचा विश्वास नाही, असं त्या दिवशी शहर ओरडून सांगत होतं. दगडफेक झाली, लाठीमार झाला. आरोपी तेव्हा अटकेतच होता. 23 सप्टेंबरला तळोजा तुरुंगातून नेताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीतच तो गोळी लागून मेला. त्यानं एका अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावलं म्हणून गोळी झाडावी लागली, असं पोलिसांनी सांगितलं. लोकांनी ते ऐकलं आणि पेढे वाटले. साधा कागद लिहून घ्यायलाही हे खातं लायक नाही म्हणणाऱ्या शहराला महिन्याभरात त्याच खात्याचं म्हणणं पटलं. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालानं त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरलं, तेव्हा पेढे कधीच संपले होते.

आपला सरकारवर विश्वास उरला नाही, ही तक्रार हल्ली चहाच्या टपरीपासून विधानभवनापर्यंत सगळीकडे ऐकू येते. मला ती पूर्णपणे पटत नाही. अटक झाली की आपण आधी बघतो, उचललेला माणूस कुणाचा. तो आपल्यातला असेल तर पोलीस विकले गेलेत आणि गुन्हा खोटा आहे. पलीकडचा असेल तर ‘काहीतरी केल्याशिवाय का कुणी उचलतं?’

2025 च्या जुलैत हे दहा दिवसांत दोनदा दिसलं. 21 तारखेला मुंबई उच्च न्यायालयानं 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातल्या पाच जणांना 2015 साली विशेष न्यायालयानं फाशी सुनावली होती, सात जणांना जन्मठेप. एक जण निकालाआधीच तुरुंगात वारला होता. कबुलीजबाबांवर विसंबता येत नाही, टॅक्सीवाल्या साक्षीदारांना शंभराहून जास्त दिवसांनी चेहरे आठवले, आणि बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही, असं न्यायमूर्तींनी लिहिलं. मग 31 तारखेला विशेष एनआयए न्यायालयानं मालेगावच्या 2008 च्या स्फोटातल्या सातही आरोपींना सोडलं. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असं तिथं सांगितलं गेलं. दोन्ही प्रकरणांत सुरुवातीच्या अटका महाराष्ट्र एटीएसच्याच. पण पहिल्या निकालानं ज्यांना धक्का बसला त्यातल्या बहुतेकांना दुसऱ्या निकालात सत्याचा विजय दिसला, आणि उलटही तेवढंच खरं. मुख्यमंत्र्यांनी पहिला निकाल धक्कादायक म्हटला, दुसऱ्याचं स्वागत केलं. पहिल्याविरुद्ध राज्य सरकार तातडीनं सर्वोच्च न्यायालयात गेलं. एकच खातं एका फाइलीत खोटारडं आणि दुसऱ्या फाइलीत धुतल्या तांदळासारखं कसं, हे विचारणारा माणूस मला त्या आठवड्यात भेटला नाही. लोकलमध्ये मेलेल्यांची आणि मालेगावात मेलेल्यांची कुटुंबं मात्र दोन्हीकडे सारखीच मोकळ्या हातांनी घरी गेली.

पण या दोन्ही खटल्यांतल्या आरोपींच्या पाठीशी निदान कुणीतरी होतं. संघटना होत्या, नामांकित वकील होते, कॅमेरे होते. ज्यांच्या मागे कुणीच नसतं त्यांचं काय होतं ते नाशिकच्या एका प्रकरणात दिसतं, आणि ते अजूनही फार लोकांना ठाऊक नाही.

जून 2003. नाशिकजवळ शेतातल्या घरात रात्री दरोडा पडला. त्या घरातल्या पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. आई आणि एक मुलगा वाचले. कुणाचंही रक्त उसळावं असाच गुन्हा. पोलिसांनी सहा जणांना पकडलं, सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे. 2006 साली सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर 2009 साली सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा फाशीवर नेली. त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढं सिद्ध झालं. म्हणजे फाशीच्या कोठडीत एक पोरगा मोठा होत होता.

आणि फाइलीत सुरुवातीपासून एक कागद होता. वाचलेल्या आईला पोलिसांनी घटनेनंतर लगेच सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला, आणि तिनं त्यातले चार चेहरे ओळखले. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्यांचा पुढं तपासच झाला नाही. तीन पायऱ्यांवरच्या न्यायालयांतून ही फाइल गेली, तरी तो कागद कुणाला टोचला नाही. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःचाच निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं आणि चुकार अधिकाऱ्यांची चौकशी करायला बजावलं. सोळा वर्षांचे पाच लाख म्हणजे दिवसाला साधारण 85 रुपये. खरे खुनी कोण, हा प्रश्न आजही अनुत्तरितच आहे. या सहा जणांसाठी कुणी रेल रोको केला नाही, की त्यांच्या सुटकेवर कुणी मोर्चा काढला नाही. ब्रिटिशांनी 1871 साली काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, स्वतंत्र भारतानं 1952 साली तो शिक्का पुसला, पण पोलीस ठाण्यात चोरीची खबर आली की शोध कुठल्या पालावर सुरू होतो, ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सरकारवर अविश्वास हा त्या पालावर पिढीजात आहे. आपल्यासारखा प्रकरणापुरता नाही.

म्हणून नोव्हेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल मला महत्त्वाचा वाटतो. गंमत अशी, की तो आला वरळीत एका आलिशान गाडीनं स्कूटरवरच्या बाईला चिरडल्याच्या प्रकरणातून, म्हणजे चांगल्या पैसेवाल्या आरोपीच्या याचिकेवर. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांनी सांगितलं, की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं माणसाला लेखी द्यायची आणि त्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. जागच्या जागी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगायची, पण रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यांपुढं उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. नाही तर अटक बेकायदा. आता पालावरून पहाटे उचललेल्या माणसाच्या हातात तो कागद खरोखर पडतो का, पडला तर त्या दोन तासांत तो वाचून दाखवणारा वकील येतो का, हे तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात सकाळी साडेदहाला जाऊन उभं राहिलं तर कळेल. तिथं वार्ताहर क्वचितच असतात. ते पोलिसांच्या पत्रकार परिषदेला गेलेले असतात, तोंडावर बुरखा घातलेल्या चौघांचा फोटो काढायला.