‘मोडकळीस आली’ म्हणणाऱ्यांचा डाव ओळखा!

साथींनो,

सरकारी मालकीची एखादी जुनी इमारत ‘मोडकळीस आली आहे’, ‘धोकादायक झाली आहे’ अशी भाषा वरच्या मजल्यावरून अचानक सुरू झाली, की कामगारांनी कान टवकारले पाहिजेत. वीस-वीस वर्षे ज्या छपराची कौले बदलली गेली नाहीत, ज्या भिंतीला चुन्याचा हात लागला नाही, त्या इमारतीची काळजी साहेब लोकांना एकाएकी का वाटू लागते? उत्तर सोपे आहे. काळजी इमारतीची नसते, तिच्या खालच्या जमिनीची असते. शहराच्या मध्यावरची जमीन म्हणजे आजचे सोने, आणि भूखंडाचे श्रीखंड खाणाऱ्यांची पंगत कधीच उठत नाही.

हा प्रश्न फक्त इतिहासाच्या प्राध्यापकांचा किंवा हौशी वारसाप्रेमींचा आहे, असे आपल्यातल्या अनेकांना वाटते. रेल्वे आणि पोस्टाच्या कामगारांना तो आपला का वाटला पाहिजे, हे बेंगळुरूच्या अनुभवावरून सांगायचे आहे.

अठरा कचेऱ्यांचा धडा

बेंगळुरूला विधान सौधाच्या समोर, कब्बन पार्कच्या कडेला लाल रंगाची एक लांबलचक दुमजली इमारत उभी आहे. आज तिथे कर्नाटकचे उच्च न्यायालय भरते. शहरातले जुने लोक तिला ‘अट्टारा कचेरी’ म्हणतात. मराठी माणसाला या नावाचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. अठरा कचेऱ्या! आपल्याकडे शिवकाळात अठरा कारखाने होते, तशी म्हैसूर राज्याच्या कारभाराची अठरा खाती. १८३१ ते १८८१ अशी पन्नास वर्षे म्हैसूरचा कारभार इंग्रज कमिशनरांच्या हाती होता. ही खाती तेव्हा टिपू सुलतानाच्या किल्ल्याजवळच्या वाड्यात दाटीवाटीने बसत. जागा पुरेना म्हणून १८६४ ते १८६८ या काळात नवी इमारत बांधली गेली. आराखडा सँकी या इंजिनिअरचा आणि बांधकाम आर्काट नारायणस्वामी मुदलियार यांचे. १९५६ साली विधान सौध पूर्ण होऊन सचिवालय समोर गेले आणि कचेरीत न्यायालय आले.

अशी ही इमारत १९८२ च्या सुमारास सरकारनेच पाडायला काढली. कारण तेच, इमारत जुनी झाली, जागा अपुरी पडते, नवी बहुमजली बांधू. मालक सरकार, पाडणारे सरकार आणि परवानगी देणारेही सरकार. कुंपणच शेत खायला निघाले तर दाद कोणाकडे मागायची?

बेंगळुरूच्या नागरिकांनी ती मागितली. लोकांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले. कर्नाटकातल्या अगदी सुरुवातीच्या जनहित याचिकांमध्ये तिची गणना होते. ही इमारत राहावी की जावी, याची सुनावणी त्याच इमारतीत झाली. ज्या छताखाली न्यायमूर्ती बसले होते, त्या छताचाच खटला होता.

इमारत पडली नाही. आज तिचे वय दीडशे वर्षांच्या पुढे गेले आहे आणि कामकाज त्याच दगडी भिंतींच्या आत चालू आहे. जागा हवी होती, ती मागच्या बाजूला विस्तार करून मिळवता आली. म्हणजे ‘पाडल्याशिवाय गत्यंतर नाही’ हे जे छातीठोकपणे सांगितले जात होते, ते खरे नव्हते. अशी वाक्ये पुन्हा ऐकू येतील तेव्हा हा दाखला तोंडावर फेकावा.

जिथे लढा उशिरा झाला

सगळीकडे असा शेवट झालेला नाही. लालबागेत जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल यांच्या नावाचे एक जुने सभागृह होते. वर्षानुवर्षे त्याची दुरुस्ती झाली नाही. छत गेले, भिंतींना तडे गेले. वारसा जपणारी मंडळी ‘वाचवता येईल’ म्हणत राहिली. अखेर एक भाग कोसळला, आणि ‘धोका आहे’ म्हणून नोव्हेंबर २०१७ मध्ये उरलेलेही जमीनदोस्त करण्यात आले. आधी दुर्लक्ष करायचे, मग दुर्लक्षाचा परिणाम दाखवून पाडायचे, ही पद्धत आपल्या परिचयाची आहे. पोस्टाच्या आणि रेल्वेच्या क्वार्टर्सचे दुसरे काय होते? दुरुस्तीचे अर्ज फायलीत पडून राहतात, आणि एक दिवस दारावर ‘राहण्यास अयोग्य’ असा कागद चिकटतो.

केम्पेगौडा रस्त्यावरची एशियाटिक बिल्डिंग पाहा. १९३५ ची ही इमारत पुढे ‘जनता बझार’ म्हणून ओळखली जाऊ लागली. ग्राहक सहकारी भांडार म्हणजे नोकरदार आणि कामगार कुटुंबांच्या महिन्याच्या वाणसामानाची जागा. इथेही पाडून नवे बांधण्याचा बेत सार्वजनिक बांधकाम खात्याने केला. ‘इनटॅक’ ही वारसा जपणारी संस्था न्यायालयात गेली आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने पाडकामाला अटकाव केला. पण प्रत्येक वेळी कोणी तरी वेळेवर न्यायालयात पोहोचेल, या भरवशावर सार्वजनिक मालमत्ता सोडायची का?

गिरण्यांनी काय शिकवले

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कोणी ना कोणी गिरणीत होते. म्हणून गिरण्यांचे उदाहरण घेऊ. बेंगळुरूत मल्लेश्वरमजवळ राजा मिल होती. त्या जागेवर २०१० पासून मंत्री मॉल उभा आहे. बिन्नी मिलच्या आवारात हजारो माणसे पाळीवर जात. आज तिथे उंच इमले आहेत.

आणि आपली मुंबई? १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या बंद पडत गेल्या तसे लक्ष यंत्रांवरून जमिनीवर गेले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले. एक मोकळ्या जागेसाठी शहराला, एक घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि हा वाटा संपूर्ण जमिनीवर न काढता फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीवर काढायचा असे ठरले. उच्च न्यायालयाने ते अडवले, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने निकाल दिला. एका नियमातल्या चार शब्दांनी कामगारांची घरे आणि मुलांची मैदाने गेली. परळ-लालबागच्या चिमण्या एकामागून एक पडल्या आणि त्याबरोबर ‘येथे कामगार राहत होता, राबत होता, लढत होता’ याची खूणही पुसली गेली.

खूण पुसली की हक्क सांगणे अवघड होते. इमारत उभी असते तोवर ती साक्षीदार असते. ती गेली की उरतो तो सात-बारा, आणि त्यावर नाव कोणाचे चढते हे सांगायला नको.

आता पाळी आपली

सार्वजनिक जमिनीच्या बाबतीत रेल्वे हा देशातला फार मोठा जमीनदार आहे. २००५ साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली आणि रेल्वे भूमी विकास प्राधिकरणाची वाट मोकळी झाली. त्याचे काम काय? रेल्वेच्या जमिनीचा व्यापारी वापर करून पैसा उभा करणे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने सहा लाख कोटी रुपयांची ‘राष्ट्रीय चलनीकरण योजना’ जाहीर केली. त्यात रेल्वेचा हिस्सा सुमारे १.५२ लाख कोटींचा. यादीत ४०० स्टेशने होती, रेल्वेची १५ क्रीडांगणे होती, निवडक रेल्वे कॉलन्या होत्या, कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरचा मार्ग होता आणि माथेरानच्या छोट्या गाडीसह चार डोंगरी रेल्वे होत्या. ‘मालकी सरकारचीच राहील, फक्त वापराचा हक्क देऊ’ असे सांगण्यात आले. घर आपले, किल्ली दुसऱ्याची, आणि भाडेपट्टा आपल्या नातवंडांच्या म्हातारपणापर्यंत!

बेंगळुरूत हे प्रत्यक्ष घडताना दिसले. कॅन्टोन्मेंट स्टेशनजवळच्या रेल्वे कॉलनीची साडेआठ एकरांहून अधिक जमीन व्यापारी विकासासाठी खासगी बांधकाम कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. तिथली ३६८ झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा शहरातले नागरिक विरोधात उभे राहिले. २०२५ मध्ये राज्य सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ करण्याच्या दिशेने पावले टाकली. झाडांसाठी उभ्या राहिलेल्या त्या नागरिकांचे आम्ही अभिनंदन करतो. पण त्या झाडांच्या सावलीत संसार केले कोणी? गार्डांनी, पॉइंट्समननी, गँगमननी. ज्या जागेवर कामगारांच्या पिढ्या वाढल्या, तिचा निर्णय कामगारांना न विचारता होतो, हा मुद्दा झाडांच्या मुद्द्याइतकाच मोठा आहे. तो मांडण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही.

तीन आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा, की या इंग्रजांच्या इमारती, त्या कशाला जपायच्या? इंग्रजाने हुकूम दिला, हे खरे. पण दगड फोडला कोणी, चुना मळला कोणी, कमान चढवली कोणी? आमच्याच पाथरवटांनी, गवंड्यांनी आणि डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायांनी. पैसाही रयतेच्या साऱ्याचा. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसची १९१३ ची इमारत विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देते. त्या घुमटाखाली टपाल वर्गीकरण करत ज्यांची नोकरी सरली, त्यांना ‘ही वास्तू परक्याची’ असे कोणी सांगून पाहावे!

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा. छप्पर गळते, वायरिंग कुजले आहे, स्वच्छतागृह नाही, मग जुन्या इमारतीत आम्ही कुजत बसायचे का? मुळीच नाही. कामगाराला कोरडी, उजेडाची, सुरक्षित जागा मिळालीच पाहिजे आणि त्यासाठी आम्ही भांडतच राहू. पण गळक्या छपराचे उत्तर छप्पर दुरुस्त करणे हे आहे. बेंगळुरूहून चिक्कबळ्ळापूरकडे जाणाऱ्या मार्गावरचे नंदी हॉल्ट हे शतकापूर्वीचे छोटे स्टेशन ‘इनटॅक’ आणि रेल्वेने मिळून दुरुस्त केले. म्हणजे इच्छा असेल तर जमते. शिवाय पाडून बांधलेल्या चकचकीत संकुलात आपल्या कार्यालयाला किती जागा मिळते आणि दुकानांना किती, हा हिशेब मांडल्याशिवाय कोणी टाळ्या वाजवू नयेत.

तिसरा आक्षेप असा, की भरती बंद आहे, जुनी पेन्शन गेली, कंत्राटी पद्धत बोकाळली, अशा वेळी दगडविटांसाठी कशाला वेळ घालवायचा? साथींनो, हे वेगळे प्रश्न नाहीत. जी धोरणे पद रद्द करतात तीच जमीन भाड्याने देतात. पद गेले की कार्यालयात माणसे कमी होतात. माणसे कमी झाली की ‘जागा वापरात नाही’ असा शेरा पडतो. शेरा पडला की जागा ‘अतिरिक्त’ ठरते, आणि अतिरिक्त ठरली की निविदा निघते. या साखळीची पहिली कडी आपली नोकरी आहे आणि शेवटची बिल्डरचा मनोरा.

काय करायचे?

निषेधाचा ठराव करून गप्प बसण्यात अर्थ नाही. प्रत्येक शाखेने पुढील कामे हाती घ्यावीत.

१. आपल्या विभागातील पन्नास वर्षांहून जुन्या स्टेशनांची, पोस्ट ऑफिसांची, वर्कशॉपची, कॉलन्यांची आणि इन्स्टिट्यूटची यादी करावी. फोटो काढून ठेवावेत. निवृत्त साथींकडून माहिती लिहून घ्यावी.

२. दुरुस्तीचा प्रत्येक अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. उद्या ‘मोडकळीस आली’ म्हणतील तेव्हा ‘मोडू कोणी दिली’ याचा पुरावा आपल्या हाती हवा.

३. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने इमारतीच्या तपासणीचे अहवाल, भाडेपट्ट्याचे करार आणि निविदांच्या अटी मागाव्यात. धोक्याचा दाखला देणारा तज्ज्ञ कोणाच्या पगारावर आहे, हेही विचारावे.

४. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे आणि ती देशातली पहिली समजली जाते. आपली इमारत तिथल्या यादीत आहे का, कोणत्या श्रेणीत आहे, हे पाहावे. जिथे यादीच नाही तिथे ती करण्याची मागणी स्थानिक पालिकेकडे करावी.

५. वारसा जपणाऱ्या नागरिक संस्थांशी हात मिळवावा. त्यांच्याकडे वास्तुतज्ज्ञ आणि वकील आहेत. आपल्याकडे संख्या आहे आणि आतली माहिती आहे. दोघे एकत्र आले तर मंत्रालयाला ऐकावे लागते.

६. कामगारांच्या मान्यताप्राप्त संघटनेशी चर्चा केल्याशिवाय कोणतीही कॉलनी, मैदान वा कार्यालय भाडेपट्ट्याने देऊ नये, ही मागणी प्रत्येक वाटाघाटीच्या टेबलावर पहिल्या पानावर असावी.

अठरा कचेऱ्यांची ती इमारत कोणा मंत्र्याच्या कृपेने उभी राहिलेली नाही. लोक वेळेवर बोलले म्हणून ती राहिली. क्रुम्बिगेल सभागृहाच्या बाबतीत बोलणारे थोडे होते आणि ऐकणारे त्याहून थोडे. तेव्हा पुढच्या शाखासभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या, यादी करायला माणसे नेमा, आणि ती यादी या पानांकडे पाठवा. आपल्या विभागातले कुठले स्टेशन, कुठले पोस्ट, कुठली कॉलनी कोणाच्या डोळ्यावर आली आहे, हे निविदा निघण्याआधी आपल्याला ठाऊक झाले पाहिजे.

सार्वजनिक मालमत्ता जनतेची आहे, ती विकू देणार नाही!
कामगार एकजुटीचा विजय असो!