टार्गेट मुंबईचे, पाऊस यवतमाळचा

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात यवतमाळच्या दत्त चौकात एखाद्या चहाच्या टपरीवर दहा मिनिटे उभे राहा. इस्त्रीचा शर्ट, पाठीला जड बॅग, कानाला फोन आणि तोंडी ‘हो सर, आज क्लोज करतो सर’ असा माणूस हमखास दिसेल. तो औषध कंपनीचा एमआर असेल, बियाणे-कीटकनाशकांचा प्रतिनिधी असेल, विमा विकणारा असेल किंवा दुचाकीचे कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीचा असेल. माल वेगळा असला तरी या सगळ्यांचा महिना एकाच दिवशी संपतो आणि एक तारखेला टार्गेट पुन्हा शून्यापासून सुरू होते. गेल्या महिन्यात काय विकले, हे मग कोणी विचारत नाही.

२०२४ मध्ये ‘ईवाय’ या लेखापरीक्षण कंपनीच्या पुणे कार्यालयातील २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. तिच्यावर कामाचा असह्य बोजा होता, असे तिच्या आईने कंपनीला लिहिलेल्या पत्रात म्हटले आणि देशभर कामाच्या ताणाची चर्चा झाली. ती चर्चा व्हायलाच हवी होती. पण ती काचेच्या इमारतींपुरतीच राहिली. वणीपासून उमरखेडपर्यंत उन्हातान्हात गाडी मारणाऱ्या विक्री प्रतिनिधीला ऑफिसच नसते. त्याचा ताण त्यामुळे कोणाच्या नजरेत येत नाही. बहुतेकदा तो आधी डॉक्टरला दिसतो. चाळिशीच्या आत वाढलेला रक्तदाब, सततची आम्लपित्ताची तक्रार, न लागणारी झोप आणि घरी विनाकारण होणारी चिडचिड या रूपांत तो समोर येतो.

‘काम म्हटले की ताण आलाच’ असे आपण सहज म्हणतो. विज्ञानाचे म्हणणे थोडे वेगळे आहे. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी संशोधकाने १९७९ मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधील कामगारांची माहिती तपासून एक साधी मांडणी केली. केवळ जास्त काम माणसाला पोखरत नाही. कामाची मागणी मोठी आणि ते कसे, कधी, किती करायचे यावरचा स्वतःचा ताबा मात्र नगण्य, ही जोडी घातक ठरते. पुढे मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास झाला. आपल्या कामावर ज्यांचा ताबा कमी, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण जास्त, असे त्यातही आढळले. म्हणजे हृदयाला साहेबाच्या खुर्चीपेक्षा हाताखालच्या माणसाची अगतिकता जास्त जड जाते.

आता ही मांडणी आपल्या जिल्ह्याला लावून पाहू. यवतमाळचे अर्थकारण कापूस आणि सोयाबीनवर चालते. पाऊस लांबला की पेरणी लांबते आणि बियाण्यांची विक्री थांबते. खंड पडला की तण उगवत नाही, तणनाशक दुकानातच राहते. शेतकऱ्याच्या हातात रोकड येते ती कापूस वेचून विकल्यावर. तोवर बाजार उधारीवर. भाव पडला की नवी दुचाकी, विम्याचा हप्ता, घरातल्या वस्तू, सारेच पुढच्या वर्षावर जाते. या साखळीतली एकही कडी प्रतिनिधीच्या हातात नसते. टार्गेट मात्र मुंबई-पुण्याच्या कार्यालयात ‘गेल्या वर्षीपेक्षा इतके टक्के जास्त’ या हिशेबाने ठरते. मागणी पूर्ण, ताबा शून्य. कॅरासेक यांच्या मांडणीला यापेक्षा चपखल उदाहरण शोधून सापडायचे नाही.

शरीराच्या दृष्टीने रात्री नऊचा रिव्ह्यू कॉल आणि समोर आलेला वाघ यात फारसा फरक नाही. दोन्ही वेळी अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात उतरतात, नाडी वाढते, रक्तदाब आणि साखर चढते. वाघ निघून गेला की शरीर पूर्वपदावर येते. टार्गेट निघून जात नाही. महिनोन्‌महिने ही यंत्रणा चालू राहिली की झोप उडते, पोटाचा घेर वाढतो, मधुमेह आणि हृदयविकाराची वाट मोकळी होते. त्यात मे महिन्याच्या उन्हातली दुचाकी, अवेळी खाल्लेले वडा-समोसे, वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून कमी प्यायलेले पाणी आणि ‘डोके चालावे’ म्हणून तोंडात टाकलेला खर्रा यांची भर पडते. कामाच्या तासांचीही मोजदाद नसते. दिवसभर फिरती, रात्री रिपोर्ट भरणे आणि रविवारी मीटिंग. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते: ‘टार्गेट नसेल तर माणूस काम करील का? आणि झेपत नसेल तर सोडून द्यावे.’ पहिला प्रश्न रास्त आहे. विक्रीचा धंदा उद्दिष्टाशिवाय चालणार नाही. पण गाठता येईल असे उद्दिष्ट वेगळे आणि चारचौघांत अपमान करण्याचे निमित्त वेगळे. जून २०२३ मध्ये एका खासगी बँकेच्या कोलकात्यातील अधिकाऱ्याने ऑनलाइन बैठकीत विमा विक्रीवरून कनिष्ठांवर आरडाओरड केल्याची चित्रफीत देशभर पसरली आणि बँकेने त्याला निलंबित केले. ती पाहून विक्री क्षेत्रातल्या अनेकांना धक्का बसला नसेल. असा आवाज त्यांच्या ओळखीचा आहे. ‘सोडून द्यावे’ हा सल्लाही पदवीधरांना नोकऱ्या मोजक्याच असलेल्या जिल्ह्यात, घराचा हप्ता आणि मुलांची फी डोक्यावर असताना, देणाऱ्यालाच सोपा वाटतो.

शिवाय भीतीने विक्री वाढते हेही अर्धसत्य आहे. अमेरिकेतील ‘वेल्स फार्गो’ बँकेत एकेका ग्राहकाला अनेक खाती विकण्याचा दबाव इतका होता की, कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये हे उघड झाले. बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. पण त्याआधीच सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांची नोकरी गेली होती. दबाव वरून आला आणि शिक्षा प्रामुख्याने खालच्यांनी भोगली.

आपल्याकडे तो दबाव वेगळ्या वाटेने झिरपतो. महिनाअखेरीस दुकानदाराकडे गरजेपेक्षा जास्त माल टाकला जातो. दुकानदार तो खपवायला बघतो आणि शेवटी त्या मालाचे ओझे शेतकऱ्याच्या किंवा रुग्णाच्या खिशावर आणि शरीरावर येते. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला, शेकडो जणांवर उपचार करावे लागले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. निरनिराळी कीटकनाशके एकत्र करून फवारली गेली, डोक्याएवढ्या वाढलेल्या पिकात संरक्षक साधनांविना फवारणी झाली. तिचे खापर विक्री प्रतिनिधींवर फोडणे अन्यायाचे होईल. पण कोणते औषध, किती आणि कशात मिसळून मारायचे, हा सल्ला अनेक शेतकऱ्यांना कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरच मिळतो, हे त्या वर्षाने दाखवून दिले. सल्ला देणाऱ्याच्या मानेवर टार्गेट असेल, तर ‘यंदा फवारणीची गरज नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघणे अवघड असते. म्हणून विक्रेत्याचे स्वास्थ्य ही त्याची खासगी बाब उरत नाही.

औषध विक्री प्रतिनिधींसाठी १९७६ मध्ये देशात स्वतंत्र कायदा झाला. तो आता २०२० च्या कामगार सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत सामावला आहे. नेमणूकपत्र, रजा अशा गोष्टी त्या कायद्याने दिल्या. टार्गेट कसे ठरवावे याबद्दल मात्र तो गप्पच होता. कारखान्यातला आवाज, धूळ, रसायने यांना आपण धोका मानतो आणि मोजतो. गाठता न येणारे टार्गेट आणि रोजचा पाणउतारा हेही कामाच्या जागेचे धोके आहेत, असे मानायची वेळ आली आहे. फार मोठ्या गोष्टींची गरज नाही. टार्गेट ठरवताना त्या तालुक्यातला पाऊस, पीक आणि भाव विचारात घ्यावा आणि प्रत्यक्ष फिरणाऱ्याचे म्हणणे लेखी नोंदवावे. रात्री आठनंतर रिव्ह्यू कॉल नको. एकेकाचे आकडे सगळ्यांसमोर वाचून लाज काढणे बंद व्हावे. वर्षातून एकदा रक्तदाब-साखरेची तपासणी कंपनीच्या खर्चाने व्हावी आणि तिचा अहवाल साहेबाकडे जाऊ नये.

डॉक्टरांनीही तिशी-पस्तिशीतला रक्तदाब दिसला की मीठ कमी करायला सांगण्यासोबत ‘काम काय करता?’ हे विचारावे. घरच्यांनी ‘तुलाच जमत नाही’ म्हणण्याआधी यंदाचा पाऊस आठवावा. आणि ज्याला सकाळी गाडीला किक मारताना छातीत धडधडते, जगणे नकोसे वाटू लागते, त्याने ते लपवू नये. सरकारची ‘टेलि-मानस’ मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येते. पाऊस नाही पडला म्हणून शेतकऱ्याला आपण नालायक म्हणत नाही. त्याच पावसावर ज्याची विक्री चालते, त्यालाही म्हणायला नको.