हेतू शोधायला निघालेली सेवा

ख्रिस्ती आयुष्याचा हेतू शेजाऱ्याच्या सेवेत आहे, हे आता मंडळीत कोणी नाकारत नाही. वाद आहे तो आधी काय आणि मग काय, याचा. तरुण संघांच्या शिबिरांत, उपासनेनंतरच्या व्याख्यानांत आणि गुळगुळीत कागदावरच्या पुस्तिकांत एक मत अलीकडे जोरात मांडले जाते. देवाने प्रत्येकासाठी एक खास योजना आखली आहे. ती हुडकून काढणे हे विश्वासणाऱ्याचे पहिले कर्तव्य. त्यासाठी प्रश्नावली भरावी, आपली कृपादाने ओळखावीत आणि त्यांना साजेशी सेवा निवडावी. निवड बरोबर असेल तर मनाला आनंद आणि समाधान लाभते. लाभले नाही तर ते आपले पाचारण नव्हते असे समजून दुसरीकडे पाहावे. शेजाऱ्याची पाळी या सगळ्यानंतर येते, आणि तोवर तो थांबला असेल असे गृहीत धरलेले असते.

या मताचे काही भाग चटकन निकालात निघतात. स्वभावाला साजेसे काम हीच पाचारणाची खूण असती, तर आपली जीभ जड आहे असे सांगून अंग चोरणारा मोशे फारोपुढे उभा राहिलाच नसता. आनंदाची कसोटी योनाला लावून पाहावी: त्याला निनवेला जायचे नव्हते, आणि जाऊन काम फत्ते झाल्यावरही तो रुसून शहराबाहेर बसला. कृपादानांची यादी करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात आहे हे खरे, पण कोणाचे दान मोठे यावरून भांडत बसलेल्या मंडळीला समज देण्यासाठी ती लिहिली गेली आहे. तिच्यावरून प्रश्नावली बेतणे हे धाडसच म्हणायचे. सेवेत गढलेल्या मार्थेपेक्षा प्रभूच्या पायांशी बसलेली मरिया बरी ठरली, हा दाखला या मताच्या कामाचा नाही. मरिया तिथे स्वतःचा शोध घेत नव्हती.

खरी अडचण मत्तयाच्या 25 व्या अध्यायात आहे. न्यायाच्या दिवशी मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तशी राष्ट्रे वेगळी केली जातात. राजा उजवीकडच्यांना सहा गोष्टींचे श्रेय देतो: भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस आणि बंदिवानाची भेट. हा प्रसंग प्रवचनांतून इतका ऐकलेला असतो की त्यातले सर्वांत विचित्र वाक्य कानाआड होते. नीतिमान लोक चकित होऊन विचारतात की हे आम्ही केव्हा केले. त्यांना पत्ताच नाही. ज्याच्यासाठी केले तो कोण होता हे ठाऊक नव्हते, आणि त्यावर आपल्या आयुष्याचा अर्थ ठरत होता हेही ठाऊक नव्हते. आपली योजना हुडकून, तपासून, साक्ष देण्याइतकी पक्की करून आलेल्या माणसाला हा अचंबा वाटण्याचे कारण नाही. तो वहीच पुढे करील.

आता डावीकडच्यांचा प्रश्न ऐकावा. तोही शब्दशः जवळजवळ तोच आहे: आम्ही तुला उपाशी केव्हा पाहिले? त्यात एक तक्रार दडलेली आहे. समोरचा राजा आहे हे आधी कळते, तर आम्ही काहीच कमी पडू दिले नसते. या बिचाऱ्यांची सेवेला ना नव्हती. सेवेतून काय साधते ते त्यांना कोणी आगाऊ सांगितले नव्हते, एवढेच. प्रस्तुत मत नेमकी हीच उणीव भरून काढते. सेवा करा, तुम्हाला तुमचा हेतू सापडेल, असे आगाऊ आश्वासन ते देते. म्हणजे शेरडांची गैरसोय दूर करून त्यांना मेंढरांच्या रांगेत बसवण्याची ही सोय झाली.

त्या सहा कामांकडेही नीट पाहावे. एकालाही विशेष दान लागत नाही. भाकर, पाणी, कपडा, दोन घटका वेळ आणि तुरुंगापर्यंत चालायची तयारी. ही कामे कोणाच्या स्वभावाशी जुळतात, हा प्रश्न त्या अध्यायात कोणीच विचारत नाही. तो दाखला शेवटल्या न्यायाचा आहे, रोजच्या निवडीचा नव्हे, असे यावर म्हटले जाईल. पण ज्या गोष्टीवर शेवटी न्याय व्हायचा, ती रोजच्या निवडीत दुय्यम कशी ठरते, हे काही सांगितले जात नाही.

महाराष्ट्रात या मताच्या बाजूने पंडिता रमाबाईंचे नाव हमखास घेतले जाते: पाहा, त्यांना आपला हेतू सापडला. प्रत्यक्ष क्रम वेगळा होता. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले ते विधवांच्या शिक्षणासाठी. दुसऱ्या वर्षी ते पुण्याला आले. केडगावची जमीन घेतली ती फळबागेसाठी, सदनाला उत्पन्न असावे म्हणून. योजना म्हणायची तर ती एवढीच होती, झाडे लावायची. मग 1896–97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली व विधवा घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगाचा काळ, इतक्या जणींना ठेवायचे कुठे? बागेची जमीन होती, तिथे राहुट्या पडल्या आणि पुढे मुक्ती सदन उभे राहिले. कोणत्याही प्रश्नावलीत संस्कृत शास्त्रांची ही पंडिता अध्यापन नाहीतर ग्रंथलेखन या रकान्यात गेली असती. शेकडो मुलींच्या जेवणाखाणाची आणि औषधपाण्याची व्यवस्था हा रकाना तिच्या नावापुढे कोणी भरला नसता. विद्वत्ता वाया गेली नाही. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी त्याच केडगावात केले. 1922 मध्ये मृत्यूपूर्वी ते हातावेगळे झाले, आणि ते छापण्याचे काम तिथल्याच छापखान्यात तिथल्याच स्त्रियांनी केले. पण या दोन कामांत खरे पाचारण कोणते, हे ठरवायला बसण्याइतकी उसंत त्या बाईंना मिळाल्याचे दिसत नाही.

इथे एक जुना वाद आठवणे भाग आहे. ख्रिस्ती लोकांची सेवा म्हणजे आमिष, दवाखाना आणि शाळा ही गळाला लावलेली गांडुळे, असा आरोप सव्वाशेहून अधिक वर्षे ऐकू येतो. शारदा सदनातून 1893 मध्ये पालकांनी मुली काढून नेल्या, त्यामागेही हाच संशय होता. यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्ची पडली आहे आणि ती पुन्हा उपसण्यात अर्थ नाही. मात्र एक नोंद आवश्यक आहे. बाप्तिस्म्यांची संख्या वाढावी म्हणून कोणी भाकर वाटत असेल, तर त्याला उपाशी माणूस दिसत नाही, संख्या दिसते. स्वतःचा हेतू सापडावा म्हणून वाटणाऱ्यालाही तो दिसत नाही. पहिल्यावर टीका करताना ज्यांचा आवाज चढतो, त्यांना दुसऱ्यात काही वावगे वाटत नाही. उलट त्याचे छायाचित्र काढून शिबिराच्या अहवालात छापतात.

कौशल्याला काहीच मोल नाही, असा याचा अर्थ होत नाही. विल्यम वॉनलेस यांच्याजवळ वैद्यकी होती म्हणूनच 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभे राहिले. नुसत्या कळवळ्याने मोतीबिंदू निघत नाही. पण शस्त्र चालवण्याची तयारी रुग्णासाठी असते. डॉक्टरला स्वतःचा शोध लागतो की नाही, याचे रोग्याला सोयरसुतक नसते आणि असण्याचे कारणही नाही.

मग ख्रिस्ती माणसाचा हेतू कोणता? तो हुडकायची गरज नाही, कारण तो लपवलेलाच नाही. देवावर सर्वस्वाने प्रीती आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी, ही आज्ञा सर्वांना एकच आहे. तीत कोणासाठी खास आवृत्ती काढलेली नाही. उरतो प्रश्न समोर कोण आहे याचा. दाखल्यातला शोमरोनी यरीहोच्या वाटेने आपल्याच कामाला निघाला होता. वाटेत जखमी दिसला, त्याने तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन दीनार ठेवले आणि तो पुढे गेला. हे दुसऱ्या दिवशी निघून जाणे प्रवचनांत सहसा येत नाही. जखमींची सेवा हेच आता आपले जीवितकार्य, असे त्याने जाहीर केले नाही. आपला प्रवासही सोडला नाही. परतताना जादा खर्च चुकता करीन, एवढेच सांगितले.

हे मंडन त्रोटक आहे आणि तसेच राहील, कारण सांगायला फारसे काही नाही. अंथरुणाला खिळलेल्या विश्वासणाऱ्याचे काय, ही शंका मात्र उरते. दाने शोधा आणि कामाला लागा म्हणणाऱ्या मताजवळ त्याच्यासाठी काहीच नाही. मत्तयाच्या त्या अध्यायात आजारी माणूस राजाच्या जागी आहे, तेव्हा सेवा घेणाराही या हिशेबाबाहेर राहत नाही.

दुसरी शंका निवडीची: गरजा अनेक, हात दोन. प्रेषितांच्या कृत्यांच्या 6 व्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीपुढे हीच अडचण आली. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा डावलल्या जात होत्या आणि तशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी लोकांनाच सात चांगली माणसे निवडायला सांगितले. अट होती ती नावलौकिकाची, पवित्र आत्म्याची आणि शहाणपणाची. कोणाला वाढपाची आवड आहे, हे विचारले नाही. त्या सातांतला स्तेफन पुढे वादविवादात कोणाला हार न जाणारा ठरला आणि दगडमारात मेला. फिलिप्प शोमरोनात सुवार्ता सांगत फिरला. निवडीच्या दिवशी मात्र दोघांच्याही वाट्याला विधवांचे जेवण आले होते, आणि ते त्यांनी घेतले.