साध्या कपाशीचे पाकीट

लालबागला आमच्या चाळीत कापूस रोज येई, तो पाळी सुटल्यावर गिरणीतून परतणाऱ्या माणसांच्या केसांत नि भुवयांत अडकून. तो कुठल्या शेतात पिकला, त्यावर कुठली अळी पडली होती, याची चौकशी आम्ही कधी केली नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तोही यायचा थांबला.

आदल्याच वर्षी, १९८१ साली, अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात श्नेफ आणि हेलन व्हाइटली यांनी ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जिवाणूचे एक जनुक वेगळे काढले होते. जपानमध्ये १९०१ साली रेशीमकिड्यांच्या रोगात सापडलेला हा जिवाणू. उपासमार होऊ लागली की तो बीजाणू तयार करतो आणि शेजारी प्रथिनाचा एक स्फटिक रचतो. त्या स्फटिकाची कृती बहुधा मुख्य गुणसूत्रावर नसते. प्लाझमिड नावाच्या सुट्या कड्यावर असते. खातेवहीत न लिहिता चिटोऱ्यावर टिपून ठेवावी तशी! (बँकेत असे चिटोरे मी पुष्कळ पाहिले. त्यांतून काही चांगले निघाल्याचे स्मरत नाही.) अळीच्या अल्कधर्मी आतड्यात हे प्रथिन विरघळते, अस्तरावरच्या ठरावीक रेणूंना चिकटते आणि तिथे भोके पाडते. अळी खाणे सोडते नि मरते. आपल्या आतड्यात ते रेणू नाहीत.

त्याच कुळातले जनुक घातलेल्या, जालन्याच्या महिकोच्या कपाशीला मार्च २००२ मध्ये केंद्राची परवानगी मिळाली. बोंडअळीसाठीच्या फवारण्या सुरुवातीला खरोखरच कमी झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण परवानगीला एक अट होती. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या सरकीचे १२० ग्रॅमचे पाकीट मिळे. ती सरकी शेताच्या कडेने पाच ओळींत लावायची आणि अळीला खुशाल खाऊ द्यायची. त्या ओळींवर वाढलेले साधे पतंग बीटीला दाद न देणाऱ्या पतंगांशी जुळले, तर त्यांची बहुतेक पिल्ले बीटीवर मरतात, असा हिशेब. हा हिशेब शेतकऱ्याला कोणी नीट समजावला? चार एकरांच्या धन्याने अळीसाठी ओळी का सोडाव्यात, त्याची भरपाई कोण देणार? पुष्कळ पाकिटे बांधावरच राहिली.

अमेरिकन बोंडअळी तूर-हरभराही खाते, त्यामुळे तिच्यासाठी साधे रान आपोआप राखले गेले. शेंदरी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. तिच्या काही वंशांत आतड्यातला तो रेणूच, कॅडहेरिन, बिघडलेला निघाला. प्रथिनाला चिकटायला जागाच राहिली नाही. मार्च २०१० मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांत बीटी निष्प्रभ ठरल्याचे मोन्सॅन्टोने मान्य केले. २००६ पासून आलेले दोन जनुकांचे वाणही पुढे तिला पुरे पडेनात. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडे फोडली तर आत शेंदरी अळी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी नि शेतमजूर दगावले.

दुसऱ्याच वर्षी अमेरिकेने आपल्या कपाशीतून ही अळी नाहीशी झाल्याचे जाहीर केले. तिथे बीटीला वंध्य पतंग सोडण्याची जोड दिली होती. आपल्याकडे आता साधी सरकी बीटीच्या पाकिटातच मिसळून देतात.