घरच्या घरी : गाडीचा रेडिएटर बदलताना

मैत्रिणींनो, या खेपेला स्वयंपाकघरातून उठून जरा अंगणात जायचं आहे. नाशिकच्या एका वाचक भगिनीने विचारलं आहे, "आमची मारुती ८०० जुनी आहे. मागाहून तिला एसी बसवून घेतला. तेव्हापासून कसारा घाट चढताना काटा लाल रेघेला टेकतो. यजमान म्हणतात, मोठा रेडिएटर आणू आणि रविवारी मी नि मुलगा मिळून घरीच बसवू, गॅरेजची मजुरी वाचेल. धाकटी तीन वर्षांची आहे, सारखी पायात घोटाळते. करू द्यावं का?"

करू द्या, पण दोन अटींवर. गाडी का तापते ते आधी कळलं पाहिजे, ही पहिली. आणि धाकटी त्या दिवशी अंगणात नको, ही दुसरी. दोन्हींची कारणं सांगते.

रेडिएटरचं काम आपल्या बशीसारखं. कपातला चहा बशीत ओतला की पसरतो, वारा लागतो आणि लवकर निवतो. इंजिनात तापलेलं पाणी तसंच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून पसरतं, नळ्यांना लागून असलेल्या पातळ पत्र्यांतून वारा जातो, आणि निवलेलं पाणी पुन्हा इंजिनात जातं. मोठा रेडिएटर म्हणजे मोठी बशी. पण कपातला चहाच बशीत उतरत नसेल, तर बशी कितीही मोठी आणून काय उपयोग? म्हणून पैसे मोजण्याआधी पुढच्या गोष्टी पाहून घ्यायला सांगा.

झाकण : रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. त्यावर ०.९ असा काहीसा आकडा असतो. बाहेरच्या हवेपेक्षा तितका जादा दाब ते आत धरून ठेवतं, त्यामुळे पाणी १०० अंशांना न उकळता ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर वाळलं किंवा स्प्रिंग ढिली झाली, की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळून बाहेर पडतं. झाकण स्वस्तात मिळतं. मात्र नवं आणताना तोच आकडा पाहून आणावं.

पाणी : बोअरिंगचं पाणी तापवून तापवून भांड्याला पांढरी पुटं चढतात ना, तशीच ती रेडिएटरच्या नळ्यांतही चढतात. वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलेल्या गाडीच्या अर्ध्या नळ्या बुजलेल्या असू शकतात.

पंखा : एसी लावून गाडी जागेवर चालू ठेवावी. काटा चढला तरी पंखा फिरत नसेल, तर दोष तिथेच आहे.

थर्मोस्टॅट : ही पाण्याच्या वाटेवरची छोटी झडप. पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापलं की ती उघडते. अडकली तर पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. "काढूनच टाका, गाडी थंड राहील," असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. इंजिन वेळेवर गरम झालं नाही तर पेट्रोल जास्त जातं आणि झीजही वाढते. बिघडली असेल तर नवी बसवावी.

पत्र्या : समोरून चिखल, पानं, किडे अडकले असतील तर हलक्या धारेने धुवावेत. जोराची धार मारली तर पत्र्या वाकतात.

हे सगळं ठीक असेल, तर मोठा रेडिएटर घेण्यात अर्थ आहे. आमच्या नाशिकच्या मैत्रिणीच्या बाबतीत तसं असूही शकेल. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे बसते, म्हणजे रेडिएटरला मिळतो तो आधीच तापलेला वारा. वर एसी ओढायला इंजिनाला जादा काम. नळ्यांच्या एका रांगेऐवजी दोन रांगांचा रेडिएटर इथे उपयोगी पडतो. विकत घेताना जुना मापासाठी डोळ्यांसमोर हवा. बोल्टची भोकं, पाइपांची तोंडं आणि जाडी वाढल्यावर पंख्याला उरणारी जागा, ही तिन्ही मापं जुळली पाहिजेत. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ सालीच थांबलं, तेव्हा "बसेल हो कसाही" म्हणणाऱ्या दुकानदारावर विसंबू नये. पद्मिनीसारख्या त्याहून जुन्या गाड्यांत तांबे-पितळेचा रेडिएटर असतो. रेडिएटरवाल्याकडून त्याच्या नळ्यांचा गाभा बदलून, झाळून घेता येतो.

आता रविवारचं काम. गाडी सपाट जागी, रात्रभर थंड झालेली हवी. आधी बॅटरीची ऋण तार काढायची. पुष्कळ गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा आपोआप फिरू शकतो, आणि बोटं तिथेच असतात. मग खाली रुंद घमेलं ठेवून तळाचा स्क्रू सोडावा. स्क्रू नसेल तर खालचा पाइप काढावा. रबरी पाइप ओढू नयेत, पिळून सैल करावेत. फुगलेले, तडकलेले असतील तर पाइप आणि क्लिपा नव्याच घालाव्यात. पंख्याची तार सोडवून, बोल्ट काढून रेडिएटर सरळ वर उचलावा. बसवताना खालची रबरी बुचं विसरू नयेत, नाहीतर हादऱ्याने नवा रेडिएटर फुटेल.

भरायला कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच हे पाणी. तयार मिसळलेलं कूलंट मिळतं, त्यात मात्र पाणी घालू नये. हळूहळू ओतावं, बॅटरी जोडावी, हीटर गरमवर ठेवावा आणि झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करावं. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तसतशी भर घालावी. वरचा पाइप गरम झाला आणि बुडबुडे थांबले की झाकण लावावं. दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना पातळी पुन्हा पाहावी. हवा आत राहिली तर नव्या रेडिएटरनेही गाडी तापते.

वॉरंटीतल्या नव्या गाडीला मात्र घरी हात लावू नये. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीलाही नाही, कारण पुष्कळदा गिअरचं तेलही रेडिएटरमधूनच फिरतं.

आता धाकटीबद्दल. कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं. हिरवं किंवा लाल, दिसायला सरबतासारखं, चवीला गोडसर, आणि जहाल विषारी. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. लहान मूल काय, मांजर-कुत्रं काय, गोड लागलं की चाटतं. म्हणून घमेलं क्षणभरही उघडं सोडू नये. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवावं. उरलेलं सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये, मूळ डब्यात, कुलपात ठेवावं. जुनं गटारात न ओतता गॅरेजमध्ये नेऊन द्यावं. चुकून मुलाच्या पोटात गेलंच, तर काही होतंय का याची वाट पाहत बसू नका. डबा बरोबर घेऊन तडक मोठं रुग्णालय गाठा. सुरुवातीला मूल नुसतं पेंगुळल्यासारखं दिसतं, त्यावर जाऊ नका.

मजुरी वाचते हे खरं, पण तापलेली गाडी तशीच दामटली आणि इंजिनाचं हेड वाकलं, तर वाचलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च येतो. म्हणून तुम्ही शेजारच्या सीटवर बसत असाल तर काट्यावर तुमचीही नजर असू द्या. घाटात तो चढू लागला, तर एसी बंद आणि हीटर पूर्ण चालू करायला सांगा. उकडेल, पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर येईल. सुरक्षित जागा मिळताच गाडी थांबवून इंजिन बंद करा. झाकणाला मात्र हात लावू देऊ नका, फडकं गुंडाळूनही नाही. दाब धरलेला कुकर आपण शिट्टी उचलून उघडतो का? तसंच हे. झाकण सैल झालं की आतलं पाणी एकदम उकळून तोंडावर उडतं. चांगला अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, तोवर मुलांना रस्त्यापासून दूर, सावलीत बसवा. इंजिन निवल्यावरच पाणी घाला. पाण्याची बाटली आणि धीर, दोन्ही बरोबर असलेले बरे!