तेरेखोलचा किल्ला कोणत्या काठावर?

आरोंद्याच्या खाडीकाठी उभं राहिलं की पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. ‘तेरेखोल नदी ही महाराष्ट्र आणि गोव्याची सीमा’ हे वाक्य इथल्या विद्यार्थ्याला निबंधात सहज सुचेल, आणि आरोंद्यापुरतं ते खरंही आहे. पण नदीच्या मुखाशी तेरेखोलचा किल्ला आहे. तो उत्तर काठावर, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला. तरीही गोव्याच्या पेडणे तालुक्यात. सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांनी तो १७४६ मध्ये जिंकला आणि तो त्यांच्याकडेच राहिला. नैसर्गिक सीमांवर लिहिणाऱ्याने अडचणीचा म्हणून हा किल्ला गाळला, तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल. उलट तो मांडला तर खरा प्रश्न पुढे येतो: सीमा पाणी ठरवतं की सत्ता?

आपल्या निबंधांत असा दाखला क्वचित सापडतो. थोरांची सुवचनं मात्र भरपूर असतात. ती कुणी, कुठे, कशासंदर्भात म्हटली याचा पत्ता नसतो, आणि ती काढून टाकली तरी मुद्द्याचं काही बिघडत नाही. बिघडत नसेल, तर ती घातली कशाला?

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, तेव्हा त्यांच्या हाती शाळा चालवल्याचा स्वतःचा अनुभव होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी समोर ठेवलं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी त्या हिशेबातूनच उभी राहिली. तो हिशेब काढून घेतला असता, तर उरली असती ती नुसती विनवणी.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी याच्याही पुढचं पाऊल टाकलं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, त्यात पानिपतच्या आधीच्या दशकातली पत्रं होती. लांबलचक प्रस्तावनेत त्यांनी ग्रँट डफच्या आणि बखरकारांच्या चुका दाखवल्या; पण त्याच ग्रंथात मूळ पत्रंही छापली. त्यामुळे राजवाड्यांशी भांडायचं तर त्यांचाच ग्रंथ उघडून भांडता येतं. पुढच्या अभ्यासकांनी त्यांची कित्येक मतं खोडली. यात राजवाड्यांचं मोठेपण कमी होत नाही, वाढतंच.

हे शाळेत शिकवायला अवघड नाही. ‘खाडीतली मासळी घटली’ असं लिहिणाऱ्या मुलाला शिक्षकांनी विचारावं: कुणी सांगितलं? ते कोणत्या जाळ्याने मासेमारी करतात? तिसऱ्या काढणाऱ्या बायकाही तेच म्हणतात का? नसतील म्हणत, तर त्यांचं म्हणणंही वहीत उतरायला हवं, आणि त्या उताऱ्यालाही गुण मिळायला हवेत.