माकडाच्या हाती दगड

लोणावळ्यास हवापालटासाठी गेलेल्या मंडळींची चिक्कीची पुडी माकडाने लांबवली, की कुणीतरी म्हणतोच, ‘आले आपले पूर्वज!’ पूर्वज नव्हेत हो, फार तर चुलतभाऊ! पण या भावकीत आता एक तंटा उपस्थित झाला आहे.

थायलंडमधली लांब शेपटीची माकडे दगडाने तेलताडाच्या बिया फोडतात. घाव चुकला की दगडाची धारदार कपची उडते. या कपच्या पूर्व आफ्रिकेतल्या आद्य मानवाच्या कपच्यांसारख्याच दिसतात, असे २०२३ साली संशोधकांनी दाखवून दिले. मग जुनी कपची माणसाचीच कशावरून?

याचे निम्मे उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी येथे अश्मयुगातल्या हातकुऱ्हाडी सापडल्या. टवके काढून त्यांना मुद्दाम आकार दिलेला आहे. असा घाव चुकून बसत नाही.

माकड गर खाते नि कपची तिथेच टाकते. आपल्या पूर्वजाने ती उचलली, तिची धार पाहिली आणि पुढचा घाव योजून घातला. माणूसपण दगड फोडण्यात नाही, त्या उचलण्यात आहे.

तेव्हा कार्ल्याच्या वाटेवर खिशात दगड भरणाऱ्या चिरंजिवांवर ओरडण्यापूर्वी, वाचकहो, थोडे थांबावे!